दुसरी चूल

गोडादरा, सुरत
२ मार्च २०२५

सुंदरा,

आशीर्वाद लिहू की नको ते ठरेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं. फोन तू उचलत नाहीस. योगेंद्र म्हणतो, "आई, व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठव, काकू ऐकतील तरी." मी म्हटलं, ऐकायच्या आधीच पुसून टाकील. कागद निदान फाडावा लागतो, तेवढा वेळ तरी तो हातात राहतो. माझं अक्षर सातवीपर्यंत वर्गात पहिलं होतं. तू त्यावरून मला हसायचीस, म्हणून मुद्दाम सुवाच्य लिहिते आहे.

कामाचं सांगते. घरामागच्या मोकळ्या जागेत मी विटांची चूल बांधून घेते आहे. लिंबायतच्या खोल्यांपुढे तीन विटा मांडून आपण भागवायचो, तसली नाही. नीट ओटा, त्यावर गोल चूल, धुराला वाट, वर खापर बसेल असं तोंड. कारण तुला सांगायला नको, पण सांगते. यंदाची आखाजी (कॅलेंडरात अक्षय्य तृतीया, ३० एप्रिल) तुझ्या जेठांची, म्हणजे आमच्या ह्यांची, ते गेल्यानंतरची पहिली. योगेंद्र त्यांच्या नावाने निखाऱ्यावर घास टाकणार, आणि घरात निखारा कुठे आहे? गॅसवर टाकला तर बर्नर बुजतो असं सूनबाई धनश्री म्हणते, आणि ते खरंच आहे. शिवाय घास मांड्याचा हवा. या माणसाला आयुष्यभर दुसरं काही गोड लागलं नाही.

मांडे मी करीन. तुला बोलवायला हे पत्र लिहिलेलं नाही, गैरसमज नको. हिलालभाऊजी दहाव्याला आले, तुझ्याशिवाय एकटे आले, मी काही विचारलं नाही. आताही विचारत नाही.

गवंडी नांदेडकडचा आहे, लक्ष्मण नावाचा. चुलीचा घेर ऐकून म्हणाला, "मावशी, दुकान टाकायलाव का काय?" मी म्हटलं, एका दिवसाचं काम आहे. एका दिवसासाठी एवढं बांधकाम करणारी बाई त्याने पाहिली नव्हती. काम मन लावून करतो, पण डोकं कमी. चूल आणि भिंत यांच्यामध्ये भलतीच जागा सोडून ठेवली आहे, एवढ्यात सायकल उभी राहील. मी त्याला चांगलंच बोलले.

एकच विचारायचं होतं. आपल्या खापराचं तोंड किती होतं? तुझ्या वितीने तीन, एवढं आठवतं. माझ्या वितीने किती ते सांगता येत नाही, कारण ते मोजायचं काम कधी माझ्याकडे आलंच नाही. एका ओळीचं उत्तर पुरे.

मंगला


गोडादरा
१६ मार्च २०२५

सुंदरा,

उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं. अंदाजाने माप दिलं.

चूल फुटली. लक्ष्मण पहिल्या दिवसापासून म्हणत होता, "शिमिट लावतो की मावशी, शंभर वर्सं हालत नाही." मी हो म्हटलं, कारण शंभर वर्षं कोणाला नको असतात. होळीचा विस्तव घमेल्यात आणून चूल पेटवली. अर्धा तास झाला नाही तोच मधल्या दोन विटा तडकल्या, आणि एक तर अशी उडाली की धनश्री ओरडत घरात पळाली. लक्ष्मणने येऊन पाहिलं, डोकं खाजवलं. मग म्हणाला, वीट तापली की जराशी सरकते, मातीत तिला सरकायला मिळतं, सिमेंट तिला जाम धरून ठेवतं. हे त्याला आधीच ठाऊक होतं. मग बोलला का नाहीस म्हटलं, तर म्हणे, "तुम्ही हाव म्हणलाव ना." हे असं असतं. आता तीच चूल माती, भुसा आणि शेण घालून पुन्हा लावायची आहे. ओटा आहे तसाच राहील, त्यामुळे ती भिंतीकडची जागाही तशीच राहणार.

सोसायटीचे प्रमुख धुराचं बोलायला येऊन गेले. "मासी, धुमाडो बहु थशे." मी म्हटलं, "एक दिवसनी वात छे, भाई." एक दिवसाचं ऐकून गेले. जाताना पुरणपोळी का, म्हणून विचारलं. मांडा आणि पुरणपोळी यांतला फरक मी त्यांना गुजरातीत सांगायला लागले आणि अर्ध्यात सोडून दिलं.

खापर अजून मिळालेलं नाही. कतारगामला कुंभार आहेत, योगेंद्र रविवारी जाऊन आला. त्यांनी रोटल्याची, म्हणजे भाकरीची, तावडी दाखवली, ही अशी पसरट. खापर म्हणजे पालथ्या घागरीसारखं फुगीर, हे त्या बिचाऱ्याला सांगता येईना. सुरतेत जन्मलेलं पोर, मांडा त्याने ताटातच पाहिलेला.

खापराचं नाव निघालं की त्या आखाजीची आठवण येतेच. तुलाही येत असेल. तुझ्या हातून ते फुटलं, त्याचे दोन तुकडे जाळात पडले आणि सासूबाई पाटावरून उठून आत गेल्या. नंतर श्रावणात त्या गेल्या, त्या वर्षीच्या तापीच्या पुराच्या चार दिवस आधी. खापर फुटलं तेव्हाच घरातलं माणूस जाणार हे ठरलं होतं, असं गल्लीतल्या बायका म्हणाल्या. मी तसं म्हटलं नाही. दसऱ्याला मी एवढंच म्हटलं की आता तुमची चूल वेगळी करा. तुम्ही चूल वेगळी करून थांबला नाहीत, गाव गाठलं. तो तुमचा निर्णय होता.

जुनं उकरायला लिहीत नाही. खापरावरून आठवलं.

मंगला


गोडादरा
१ एप्रिल २०२५

सुंदरा,

खापर पोचलं. योगेंद्रने हिलालभाऊजींना फोन केला होता हे मला खापर आल्यावर कळलं. अमळनेरच्या बसने आलं, पहाटे कामरेजच्या नाक्यावर उतरवून घेतलं. भाताचा पेंढा, त्यावर गोणपाट, त्यावर जुनी हिरवी साडी. वाजवून पाहिलं, खणखणीत आहे. कुठे केसभर चीर नाही.

आत एक सुतळी होती. दोन गाठी मारलेली. मी ती चुलीच्या तोंडावर धरून पाहिली, तर आपली चूल चार बोटं मोठी. खापर सरळ आत गेलं असतं. हिलालभाऊजींना आयुष्यात सुतळीला गाठ मारून माप घेता आलेलं नाही. लूमवर धागा तुटला तरी ते दुसऱ्याला हाक मारायचे. असो. लक्ष्मणने सुतळी बघून चूल नव्याने लावली, आता खापर टोपीसारखं बसतं.

नव्या खापराला दोन दिवस मंद धग दिली. मग पाडव्याला पहिला मांडा करून पाहिला. तो खापरावर पोचलाच नाही, कोपरावरच फाटला. पुरण माझ्या पदरावर. दुसरा पोचला, पण नकाशासारखा. तिसऱ्याला मी आत निघून गेले. धनश्री मोबाइलवर व्हिडिओ लावून तेच करत होती. तिचा मांडा माझ्यापेक्षा बरा झाला, हे तुला कळायला हरकत नाही.

जाळ मात्र अजून मला कोणी शिकवू नये. कपाशीच्या पऱ्हाट्या पाठवणारा मिळाला आहे, टेम्पोने येतील. काडी काडी सरकवत खापर सगळीकडून सारखं तापवणं हे माझं काम होतं, आणि ते मला येत होतं. पण घरात वाहवा मांडे टाकणारीची व्हायची. जाळ घालणारीला डोळे पुसत बसावं लागायचं. आता लिहिताना वाटतं, यात एवढं काय होतं? तेव्हा बरंच होतं.

साडी धुऊन ठेवली आहे.

मंगला


गोडादरा
१३ एप्रिल २०२५

सुंदरा,

तुझं कार्ड आलं. एकोणीस वर्षांत पहिलं.

मी ते उभ्यानेच वाचलं. "बाई, तुम्हनी चूल वायली व्हयनी आसं आयकं. आठे एक खोली शे. निंघी या. सुंदरा." पुन्हा वाचलं: माझी चूल वेगळी झाली, म्हणून मी तिकडे निघून यावं. मग मला हसू फुटलं, आणि धनश्रीने विचारलं काय झालं, तर तिच्या हातात कार्ड दिलं. तिथे चुकलं.

झालं ते असं. आपल्या गावची शोभाबाई इथे दोन गल्ल्या पलीकडे राहते. मागच्या आठवड्यात ती तिकडे लग्नाला आली होती. तिने चूल पाहिलेली. तिथे मांडवात बसून ती म्हणाली, "मंगलानी दुसरी चूल मांडी." बस्स. पुढे काय सांगणार होती ते कोणी ऐकूनच घेतलं नाही. आपल्याकडे दुसरी चूल म्हटलं की सुनेने सासूला वेगळं काढलं, नाहीतर सासू रुसून वेगळी झाली, तिसरा अर्थच नाही. घराच्या मागे विटा रचल्या की लोकांनी घर मोडलं.

धनश्रीच्या आईचा धुळ्याहून फोन आला. "सासराले वर्ष व्हयनं नही, आनि सासूले बाहेर काढं?" पोरगी ढसाढसा रडली. मग डोळे पुसून मला म्हणाली, "मम्मी, मला नको ती चूल. उद्याच्या उद्या पाडा." योगेंद्र म्हणाला, "छोड ना आई, इथेच एक बाई मांडे करून देते, ऑर्डर देऊ." बापाला ऑर्डरचा घास! मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही.

धनश्रीला मात्र काही बोलले नाही. तिची चूक नव्हती. न केलेल्या गोष्टीचा बोल लागला की माणसाला कसं वाटतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. ते तोंड मी आधी एकदा पाहिलेलं आहे.

शेवटी तिनेच तोड काढली. म्हणाली, काकू स्वतः आल्या आणि आपण सगळे त्याच चुलीवरचं एका पंगतीत जेवलो, तर लोकांची तोंडं बंद होतील. मग चूल राहू दे. नाही आल्या तर आखाजी लागायच्या आत पाडा, मला आखाजीला त्या चुलीचं तोंड बघायचं नाही. मी बरं म्हटलं.

तुझ्या कार्डाला उत्तर म्हणून लिहिते: मला कोणी वेगळं काढलेलं नाही. सून चांगली आहे, पोरगा बरा आहे. चूल खापरासाठी आहे. तू चुकीचं ऐकलंस.

पण सुंदरा, तू ते खरं धरून मला बोलावलंस. मी तुला घराबाहेर काढलं होतं, आणि मला बाहेर काढल्याचं कळल्यावर तू खोली आहे म्हणालीस. मला लाज वाटली. इतकी की दोन दिवस मी चुलीकडे गेले नाही.

मंगला


गोडादरा
१८ एप्रिल २०२५

सुंदरा,

हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवते आहे, आखाजीच्या आत पोचलं पाहिजे. पूर्ण वाच. मग फाडायचं तर फाड.

खापर तुझ्या हातून फुटलं नव्हतं.

त्या सकाळी तू पुरण आणायला आत गेलीस. खापर तापलेलं होतं, परातीत उंडा तयार होता, आणि बाहेर कोणी नव्हतं. मला वाटलं, आपणही एक टाकून बघावा. कोणी पाहायच्या आत एक तरी नीट पडावा. नाही पडला. चिकटला, फाटला, पुरण खापरावर जळायला लागलं. तू येशील म्हणून मी घाईघाईने उलथन्याने खरवडलं आणि राहिलेलं पुसून काढायला फडकं घेतलं. ते बादलीशेजारी पडलेलं होतं. ओलं होतं. मी ते तापल्या खापरावर फिरवलं आणि 'तट्' असा आवाज झाला. बारीकच. केसासारखी चीर गेली, ती मला दिसली.

तू आलीस. मांडा हातावर फिरवलास, खापरावर टाकलास, आणि त्याचे दोन तुकडे झाले. सासूबाई तेव्हाच दारात आल्या होत्या. त्यांनी तुझे हात पाहिले. मी जाळ बघत बसले होते.

तेव्हा बोलायला एक क्षण पुरला असता. नंतर सासूबाई आजारी पडल्या, मग बोलणं अवघड झालं. त्या गेल्या, मग अशक्य झालं. तू समोर दिसलीस की मला ते फडकं दिसायचं, म्हणून मी चूल वेगळी करायला लावली. बाकी सगळी कारणं मी पुढे केली, जागा पुरत नाही, पोरांचे वाद होतात. खरं कारण हे होतं.

तुझ्या जेठांना मी गेल्या वर्षी दवाखान्यात सांगितलं. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे पाठ केली. मग भिंतीकडे बघूनच म्हणाले, "माले काय सांगस? तिले सांग." त्यानंतर सहा दिवस होते.

म्हणून ही चूल. त्यांच्या नावाचा घास मी न सांगता टाकला असता तर तो त्यांच्यापर्यंत गेला नसता, असं मला वाटतं. घरात योगेंद्र आणि धनश्रीलाही काल सांगितलं. धनश्रीने चहा आणून ठेवला. शोभाबाईलाही उद्या सांगणार आहे, म्हणजे तिकडे तू सांगायची गरज पडणार नाही, चार दिवसांत गावभर होईल.

तू ये म्हणून लिहीत नाही, तो हक्क माझा नाही. नाही आलीस तर चूल पाडायची आहे, धनश्रीला शब्द दिला आहे. मग घास घमेल्यातल्या निखाऱ्यावर टाकू. माझा फाटका मांडा असेल, तेवढं ते चालवून घेतील.

आणखी एक. भिंतीकडची जागा लक्ष्मणच्या चुकीने सुटलेली नाही. पहिल्या दिवशी मीच त्याला सांगितलं होतं, दोन पाट मावतील एवढी जागा सोड. एक खापरापुढचा, एक जाळापुढचा. बिचाऱ्याला पत्रात उगाच वेडं ठरवलं.

मंगला


गोडादरा
५ मे २०२५

सुंदरा,

गावी पोचलीस हे हिलालभाऊजींनी कळवलं. तुझी पिशवी इथेच राहिली, त्यात तंबाखूची मशेरी आहे, ती धनश्रीने फेकायच्या आत पाठवते.

चूल आहे. सोसायटीच्या प्रमुखांनी तीन मांडे खाल्ले आणि धुराचं नाव काढलं नाही. शोभाबाई रोज कोणाला तरी चूल दाखवायला आणते. आता सांगते, "दोन्ही जावांनी चूल एक करी." तेही चूकच आहे, तू तुझ्या गावी, मी इथे. पण या वेळी मी तिला दुरुस्त करायला गेले नाही.

पत्र लिहिण्याचं कारण वेगळं आहे. तू दोन दिवस राहिलीस आणि त्या विषयावर अक्षरही बोलली नाहीस. मी वाट पाहत होते. शिव्या दिल्या असत्यास तर मी ऐकल्या असत्या, तशी तयारी करून बसले होते. आखाजीच्या सकाळी तू पाट ओढून खापरापुढे बसलीस, मी जाळापुढे. मांडा हातावर घेतलास, तो कोपरापर्यंत गेला, पार काचेसारखा, आणि धनश्री मोबाइल विसरून बघत राहिली. तेवढ्यात पहिल्या मांड्याचं थोडं पुरण खापरावर सांडलं. तू माझ्याकडे न बघता हात पुढे केलास. मी फडकं दिलं. ते हातात घेऊन तू थांबलीस आणि म्हणालीस,

"बाई, फडकं कोरडं शे ना?"

योगेंद्रला काही कळलं नाही. धनश्रीला कळलं, तिने मान खाली घातली. मी पऱ्हाटीच्या काड्या सरकवत राहिले, डोळ्यांत धूर गेला म्हणाले. तू माझ्या उत्तरासाठी थांबलीसही नाहीस. फडकं गालाला लावून पाहिलंस आणि खापर पुसलंस.

उत्तर राहून गेलं, ते आता देते. कोरडं होतं. आदल्या दिवशी दोनदा उन्हात घातलं होतं, आणि रात्री उशाशी घेऊन झोपले होते.

आशीर्वाद.

मंगला